कावीळ नव्हे, कामीण

"एकशे सतरा नंबर तुमचाच ना, मावशी?"

असं विचारून डॉक्टरबाईंनी खोलीचं दार लोटलं. आरोग्य केंद्राचं ते दार पावसानं फुगलेलं, कधी नीट लागायचं नाही. त्यांनी खुर्ची ओढून दाराला लावली आणि त्याच खुर्चीवर बसल्या. एवढं करून कोण चांगली बातमी सांगतं?

"एचआयव्ही नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तो रिपोर्ट नॉन-रिअॅक्टिव्ह आहे, म्हणजे रक्तात त्याचं काही सापडलं नाही. पण हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे."

पॉझिटिव्ह म्हटल्यावर मी हसले हो. खरंच हसले. दोन-तीन महिन्यांपूर्वीच आमच्या सुलभाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता आणि मी वाड्यावर, आमच्या वस्तीत, घरोघर पेढे वाटले होते. माझ्या डोक्यात पॉझिटिव्ह म्हणजे पेढे.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मग माझंही तोंड मिटलं.

आधी त्यांनी समजावलं तेच सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या हातात असला कागद आला तर हे लागेल. हेपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. यकृत उजव्या बरगडीखाली असतं. बी हा त्या विषाणूचा प्रकार. तो रक्तातून जातो, नवरा-बायकोच्या संबंधातून जातो आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून, एका कोपातून, म्हणजे पेल्यातून, पाणी पिऊन जात नाही. काहींच्या अंगातून निघून जातो, काहींच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. माझ्यात तो किती वर्षं बसलाय ते सांगता येत नव्हतं.

"मुलं किती, मावशी?"

"एकच मुलगी. सुलभा. मुळगावला दिलीय. आता पाचवा लागेल तिला."

त्यांचं पेन कागदावर तसंच राहिलं.

या डॉक्टरबाई म्हणजे वर्षा. विदर्भातल्या. एपिडेमियॉलॉजी नावाचं शिकलेल्या. औषध देणाऱ्या नव्हेत. रोग कोणाला होतो, कुठल्या वाटेनं येतो, कुठे जातो, याचा माग काढणाऱ्या. खाणीवरच्या ट्रकांची वर्दळ आमच्या भागात, ड्रायव्हर-क्लीनर कुठकुठून आलेले, म्हणून एचआयव्ही आणि हेपॅटायटिस या दोन्हींचा अभ्यास करायला त्या डिचोलीत येऊन राहिल्या होत्या. घरोघर जायच्या, फॉर्म भरायच्या, कोणी हो म्हटलं तर रक्त घ्यायच्या. नाव लिहायच्या नाहीत, नंबर द्यायच्या. मी जवळच्या मये गावची, एकटी बाई, पायरीवर बसलेली असायचे. त्या दमून यायच्या, मी चहा द्यायचे.

वाड्यावर त्यांचं नाव पडलं होतं 'एड्सवाली बाय'. ज्याच्या घरात त्या शिरल्या त्याच्याकडे लोक आठ दिवस वाकडं बघत. माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे सुलभाच्या सासूनं, मला एकदा बाजारात धरूनच विचारलं होतं, "ती एड्सवाली बाय तुमगेर कित्याक येता गो?" तुमच्याकडे ती का येते? मी म्हटलं, चहा प्यायला. "चहा मुळगावांतय मेळटा," त्या म्हणाल्या आणि मासळीकडे वळल्या. मुळगावातही चहा मिळतो म्हणे. अशी त्यांची जीभ.

तर पहिल्यांदा वर्षाबाईंनी माझा फॉर्म भरला तेव्हा विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी कावीळ झाली होती का?"

"नाही बाई."

"घरात कोणाला?"

"नाही."

खरं तेच सांगितलं मी. पुढचा प्रश्न होता, सुई दुसऱ्या कोणाबरोबर वापरली आहे का? मी म्हटलं, शेजारणीकडून आणते की, माझी हरवली तर. त्या एवढ्या हसल्या की चहा सांडला. इंजेक्शनची सुई, मावशी!

मग मी कदेलीवर, त्यांच्या खुर्चीवर, सांडलेला चहा पुसायला वाकले. माझ्या मनगटावर दोन डाग आहेत, चवलीएवढे, पांढरे. त्यांनी हात धरला.

"हे काय?"

"डाग. लग्नानंतर कामीण आली होती, तेव्हा दिलेले. शेजारच्या म्हातारीनं सळी तापवून दिले."

"कामीण म्हणजे?"

"कामीण म्हणजे... डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नाचा वास नको."

वर्षाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मावशी, ती कावीळच ना!"

आता मला काय कावीळ शब्द माहीत नव्हता? चौथीपर्यंत शाळा, पण पुढं पुड्यांचे कागद, जुनी मासिकं, मिळेल ते वाचत आलेली मी बाई. शब्द माहीत होता. पण आमच्याकडे कावीळ म्हणजे इस्पितळात नेतात ती, बाटली लावतात ती, माणूस दगावतो ती. घरात डाग देऊन, पाला चोळून, आठ दिवस भातावर मीठ न घालता उतरते ती कामीण. कामिणीला कोणी आजार म्हणून मोजतच नाही.

वर्षाबाईंनी पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढला. वरचे पाच-सहा चाळले. सगळीकडे कावीळ: नाही. कावीळ: नाही. मग कपाळाला हात लावून बसल्या. चार महिने फिरल्या होत्या बिचाऱ्या, उन्हातून, धुळीतून.

आमच्या गोव्यात राज्य होण्याच्या आधी मराठी की कोंकणी म्हणून केवढं रण झालं. एका घरातले भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. सुलभा तेव्हा पहिलीत होती. शाळा बंद म्हणून खूष. एवढं सगळं होऊन शेवटी अडलं ते या एका शब्दावर. आणि तो कोणाच्या भांडणात नव्हताच.

त्याच दिवशी मी रक्त दिलं. बाईंना वाईट वाटू नये म्हणून दिलं, दुसरं काही नाही.

रिपोर्ट कळल्यावर पुढचे दिवस नुसते रांगेचे. एसजीपीटी म्हणून एक तपासणी असते, यकृताला किती सूज आहे ते कळतं. ती उपाशीपोटी. मग सोनोग्राफी, पोटावर थंड चिकट लावून यंत्र फिरवतात, दुखत नाही. मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते मोजणं. त्याचं रक्त मुंबईला जायचं आणि उत्तर यायला तीन आठवडे. मोठ्या सरकारी इस्पितळात सकाळी सातच्या बसनं जायचं. केसपेपर काढायला एक रांग, डॉक्टरांना एक रांग, रक्ताला एक. दुपारी दीडला सांगायचे, सोनोग्राफीवाले गेले, परवा या. बाकावर बसून बसून कंबर मोडायची. मी पिशवीत उंडा पाव आणि केळं ठेवायची. सोबत कोणी नाही, कारण कोणाला सांगितलंच नव्हतं.

खरं सांगू? आजारानं मी दमले नाही. मला दुखत काहीच नव्हतं. ते लपवण्यानं दमले. शेजारीण विचारायची, खंय गेल्लंस गो, कुठे गेली होतीस? मी सांगायची, पणजीला, पेन्शनच्या कामाला. आमचे हे खाणीवर ट्रक चालवायचे, त्यांच्या मागं काही मिळतं. तर सगळ्या वाड्याला वाटायला लागलं की माझ्या पेन्शनचं काही खरं नाही. एकीनं तर मला पंचायतीतल्या ओळखीच्या माणसाची चिठ्ठी आणून दिली!

आणि त्या बाकावर बसल्या बसल्या हेच आठवायचे. माझा नवरा. पंचेचाळिशीत गेले. पोटात पाणी भरलं, पाय सुजले, डोळे हळदीसारखे. संध्याकाळी ट्रकवरून उतरल्यावर एक कोप घ्यायचे, जास्त नाही. पण पोट फुगल्यावर सगळे म्हणाले, दारूनं खाल्लं. मीही म्हटलं. शेवटच्या आजारातसुद्धा म्हटलं, घ्या आणखी. मी वर्षाबाईंना विचारलं, त्यांनाही हेच असेल का? त्या म्हणाल्या, "असू शकेल, मावशी. आता सांगता येणार नाही." पूर्वी आमच्याकडे एक कंपाउंडर यायचे, भला माणूस, काचेची सिरिंज डब्यातून आणायचे आणि एकाच सुईनं अर्धा वाडा टोचून जायचे. तिथून आलं? की आणखी कुठून? "तेही आता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. माग काढणारी बाई, पण जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायची. मला ते आवडायचं आणि रागही यायचा.

पण खरी गोष्ट सुलभाची होती.

वर्षाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुमच्याकडून जन्माच्या वेळी सुलभाला गेलं असेल, तर तिच्याकडून तिच्या बाळाला जाईल. बाळपणी गेलं की ते बहुतेक जन्मभर राहतं. पण अडवता येतं. बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं द्यावी लागतात. एक लशीचं आणि एक इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारं तयार औषध. ते दुसरं सगळीकडे नसतं, आधी सांगून मागवून ठेवावं लागतं. म्हणून तिची तपासणी आत्ताच व्हायला हवी."

"मग तुम्ही सांगा तिला. तुम्ही डॉक्टर."

"मी नाही सांगू शकत. तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. तुम्ही नंबर एकशे सतरा आहात, मला दुसऱ्या कोणापाशी तुमचं नाव घेता येत नाही. तुमच्या मुलीपाशीसुद्धा नाही."

"मी चालेल म्हटलं तर?"

"तर तुमच्याबरोबर येईन. पण तोंड तुम्ही उघडायचं."

सांगायला सोपं. सुलभाला सांगायचं म्हणजे विहीणबाईंना कळणार. त्यांना कळलं की त्या एड्सच समजणार, एड्सवाली बाय माझ्या घरात चहा पिते ते त्यांनी पाहिलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी. त्या सुलभाला माझ्याकडे पाठवणार नाहीत. आणि तिथे तरी तिला कोणत्या तोंडानं ठेवतील? आणि नाही सांगितलं तर बाळ.

दोनदा मुळगावला गेले. पहिल्यांदा मयेच्या शेतातली भाजी घेऊन. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या शेतात भाजी होत नाही असं वाटलं की काय?" मी भाजी ठेवली, सुलभाच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत आले. दुसऱ्यांदा सुलभा एकटीच होती, जनेलात, खिडकीपाशी, बसून बाळासाठी दुपटी शिवत होती. बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "आई, तू किती सुकलीस गो! पेन्शनचं झालं का?" मी म्हटलं, होईल. बसस्टॉपवर येऊन तीन बसगाड्या सोडल्या.

मग फुलं माळायचा दिवस आला. आमच्याकडे सातव्या महिन्यात गरोदर बाईला फुलं माळतात. हिरवी साडी, केसभर अबोली-जाईच्या वेण्या, पाच जणी ओटी भरतात, आणि त्यानंतर ती माहेरी येते. मी पहाटेपासून अबोली ओवलेली. वर्षाबाईही माझ्याबरोबर मुळगावला आल्या, मीच बोलावलं होतं. त्या माझ्यामागे अंगणाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि जमलेल्या बायका पदर आवरून बाजूला सरकल्या.

विहीणबाई पुढे आल्या. "हिका कित्याक हाडली?" हिला का आणलीस?

मी म्हटलं, विहीणबाई, तुम्ही आणि सुलभा जरा मागच्या पडवीत चला.

पडवीत सुलभा केळीच्या घडाशेजारी बसली, डोक्यावर अर्धी वेणी माळलेली. माझे हात अबोलीनं लाल. मी पाठ केलं होतं तसं म्हटलं, "माझ्या रक्तात हेपॅटायटिस बी सापडलाय."

विहीणबाई म्हणाल्या, "एड्स!" आणि त्या सुलभाच्या आणि माझ्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या. माझ्या मुलीला माझ्यापासून आडोसा. ते मी विसरणार नाही. रागानं नाही म्हणत. त्यांनी नातवंडाला आडोसा केला.

वर्षाबाई सांगायला लागल्या, हा वेगळा विषाणू आहे, एचआयव्ही तर... पण इंग्रजी शब्द आला की विहीणबाई आणखी मागे सरकत. मला एकदम त्या फॉर्मांचा गठ्ठा आठवला. मी बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं.

"कामीण गो, विहीणबाई! कामीण! उतरली म्हणत होतो ती उतरलीच नाही. अंगात राहिली. रक्तात मुरून बसली. ती सुलभाला गेली असेल तर बाळाला जाईल, म्हणून रक्त बघायचंय. जन्मल्याबरोबर दोन सुया दिल्या की बाळ सुटतं."

विहीणबाईंनी माझं मनगट बघितलं.

"अंगांत रावल्ली कामीण?"

"हो."

"तशें सांग मगे!" त्या केवढ्यानं ओरडल्या. "तो इंग्रजी जप कित्याक?" आणि कोपरापर्यंत चुडे सरकवून त्यांनी आपला हात पुढे केला. मनगटाच्या वर, माझ्यासारखेच, तीन डाग. "म्हाकाय आयिल्ली. ह्या दिलीपाच्या वेळार." त्यांनाही आली होती. दिलीप म्हणजे माझा जावई, तो पोटात असताना.

मग वर्षाबाईंकडे वळून म्हणाल्या, "गे बाय, एका ताटांत जेवल्यार जाता?" नाही जात, असं त्यांनी सांगितल्यावर, "मग उबी कित्याक? जेवून वच." उभी का, जेवून जा.

सुलभा म्हणाली, "आई, पेन्शन म्हणून तू इस्पितळात जात होतीस?" आणि रडायला लागली. मीही.

दुसऱ्या आठवड्यात तिघांचं रक्त गेलं. दिलीप निगेटिव्ह, त्याला लशीचे तीन डोस सुरू केले. विहीणबाई निगेटिव्ह; त्यांची कामीण दुसऱ्या कुठल्या प्रकारची असणार, खराब पाण्यातून येते ती. हेही लक्षात ठेवा, प्रत्येक कामीण ही नसते. डाग दिल्यानं यातली कुठलीच जात नाही. डोळे पिवळे झाले की रक्त तपासायचं.

सुलभा पॉझिटिव्ह.

मला ठाऊक होतं, तरी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. एकच मूल आणि तिला मी हे दिलं. मी तसं म्हटल्यावर वर्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही दिलं नाही, मावशी. तुमच्याकडून गेलं." दोन्हीत काय फरक ते तेव्हा कळलं नाही. अजूनही काही दिवशी कळतो, काही दिवशी नाही.

इम्युनोग्लोब्युलिनची बाटली मोठ्या इस्पितळात सांगून ठेवली, फ्रिजमध्ये. सुलभाच्या केसपेपरवर लाल पेनानं लिहिलं. तरी मी दर तपासणीला नर्सला विचारायची, बाटली आहे ना? शेवटी ती म्हणाली, "आजी, तुमची बाटली आम्ही प्यालो नाही."

मुलगी झाली, सकाळी साडेनऊला. विहीणबाई आणि मी बाहेरच्या बाकावर. विहीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून बारा तास मोजले, रात्री साडेनऊपर्यंत म्हणाल्या, आणि दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावलं. अकराच्या आत दोन्ही इंजेक्शनं झाली, दोन मांड्यांत दोन. बाळ एवढ्या मोठ्यानं रडलं की विहीणबाई हसल्या. "आयक गो, तुजेभशेन उलयता." ऐक, तुझ्यासारखीच बोलते. पुढचे डोस वेळच्या वेळी दिले. अंगावरचं दूध पाजायलाही हरकत नव्हती, आधी विचारून घेतलं.

नात एक वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासलं. निगेटिव्ह. आता मी या शब्दाला पेढे वाटते.

माझं आणि सुलभाचं चालूच आहे. दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, सोनोग्राफी, तोच बाक. मला आता औषधाची गोळी आहे, रोज एक, कधीही न चुकवता. डॉक्टर सांगतात, हे जाणार नाही, पण दाबून ठेवता येईल. कंटाळा येतो. खूप येतो. कधी वाटतं, एक खेप चुकवावी. मग दोघी एकमेकींना फोन करतो आणि सातची बस धरतो. आता सांगून जातो. शेजारणीनं पेन्शनची चिठ्ठी परत नेली.

वर्षाबाईंनी सगळे फॉर्म पुन्हा भरले. जिथं जिथं 'नाही' होतं त्या घरांत पुन्हा गेल्या. पुष्कळदा मी बरोबर. लोकांनी मनगटं दाखवली, दंड दाखवले. जाण्याआधी त्यांनी मला नवा छापलेला फॉर्म दिला. त्यात प्रश्न आहे: कावीळ किंवा कामीण आली होती का? आली असल्यास डाग दिले होते का? तो फॉर्म मी पेटीत ठेवलाय. ती बाई माझ्या घरी चहा प्यायला आली नसती तर, हा विचार मी पुरा करत नाही.

नात आता तीन वर्षांची. मांडीवर बसून माझ्या मनगटावरचे डाग बोटानं मोजते. एक, दोन. तिला मी त्या दोन सुयांचं सांगितलंय, म्हणून मग स्वतःची मांडी बघते, तिथे काही आहे का. तिथे काहीच नाही.